डावीकडून वाचलेली नावाडीण

साल दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा. श्रावणात संदीपची आई गेली आणि ऑक्टोबरात पोरानं, संदीपनं, मला तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत आणलं. आणलं हाच शब्द बरोबर आहे. विट्याच्या घराला कुलूप लागलं, किल्ली शेजारी गेली, विमानात पायांना सूज आली आणि मी त्सुफेनहाउझेनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी येऊन बसलो. त्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की त्यांना वाटतं, म्हातारा रडला असेल, खचला असेल. तसलं काही झालं नाही. मी एक पुस्तक बघितलं आणि त्याच पुस्तकावरचा एक सिनेमा बघितला. त्या सिनेमाबद्दल माझं एक मत आहे. आजवर ते कोणी मान्य केलेलं नाही, आणि मी ते बदललेलं नाही.

यंदा परत आलोय. तेच दिवस आहेत. खाली रस्त्याकडेला चेस्टनटची झाडं आहेत, त्यांची फळं उभ्या गाड्यांच्या टपांवर ठापठाप पडतात आणि इथले लोक वर बघतसुद्धा नाहीत. सकाळी धुकं उतरलं की समोरची इमारत पुसून जाते. मग आधी खिडक्यांच्या चौकटी येतात, मग भिंत, मग एखादी बाई कुत्र्याला घेऊन. कोणीतरी बसून एकेक रेघ काढत असावं, तसं. या मुलखात दारावर एक पाटी फिरते. ती आपल्या दारावर लटकली की त्या आठवड्यात जिना आणि पुढचा फुटपाथ झाडायची पाळी आपली. सुनेला हे काम नकोसं वाटायचं, ते मी घेतलं. उभा जन्म केस झाडलेत मी, पानांचं काय एवढं. पानं निदान एकाच माणसाची नसतात, त्यामुळं कोणी परत बघायला येत नाही की माझी किती पडली म्हणून.

विट्याला एसटी स्टँडच्या मागं माझं केशकर्तनालय होतं. दोन खुर्च्या, एक बाकडं, आणि बाकड्यावर चित्रकथांची चळत. मी चौथी पास. पण खरं वाचायला मी शाळेत शिकलो नाही, त्या चळतीवर शिकलो. गिऱ्हाईक नसलं की मी बाकड्यावर. आधी चित्रं बघायचो, मग माणसाच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात काय लिहिलंय ते जुळवायचो, आणि पुष्कळदा फुग्यातलं माझ्या मनातल्यापेक्षा कमी असायचं. पोरं यायची ती केस कापायला कमी आणि त्या पुस्तकांसाठी जास्त. तेव्हापासून माझं एक माप ठरलेलं आहे. आपला नंबर आला तरी जे हातात धरून गिऱ्हाईक म्हणतं, 'यांना घ्या आधी, मी बसतो', ते पुस्तक चांगलं. मोठ्या मोठ्या विद्वानांनी पुस्तकांबद्दल काय काय लिहिलं असेल ते असो. मला याहून खरं माप सापडलं नाही.

तर त्या साली घर दिवसभर रिकामं असायचं. संदीप गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, सून मुक्ता सॉफ्टवेअरमध्ये, नात रेवा शाळेत. रेवा तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये सांगायचं, आणि दोघांनी अंदाजानं मान हलवायची, असा आमचा संसार. तिच्या खोलीत भिंतीला लागून असली चित्रांची पुस्तकं विटांसारखी रचलेली होती. जपानची, पण छापलेली जर्मनमध्ये. मला दोन्ही सारखंच. एक दिवस त्यातलं एक काढलं.

पहिल्याच पानावर मोठा लाल पंजा छापलेला होता आणि खाली चार ओळी. आपल्याकडं 'सर्व हक्क राखीव' वगैरे असतं तसलं काही असेल म्हणून मी पान उलटलं.

सगळं काळ्या शाईत. रंग एकच आणि तोही चिमूटभर, नावेतल्या कंदिलाचा पिवळा. नदीकाठी एक नाव बर्फाखाली अर्धी गेलेली. नावेत म्हातारी बाई पडलेली, अंगावर शाल, शालीवर बर्फ. मी म्हटलं, ही तर गेली. पान उलटलं. बर्फ कमी झाला. पुढच्या पानावर शाल हलली. पुढच्यावर म्हातारी उठून बसली आणि तिनं वल्हं हातात घेतलं. मग ती पलीकडच्या काठावर जाते. तिथं माणसं उभी असतात. एकेकाला ती नावेत घेते आणि अलीकडं आणते. एक म्हातारा, एक बाळंतीण, एक जाड्या बदकांचा पिंजरा घेऊन. या जाड्याची बदकं तर अशी शहाणी की नदीतून आपणहून उडून येतात आणि पिंजऱ्यात बसतात. पलीकडून एक माणूस येतो, अंगात शिपायाचा कोट. तो नावेतून उतरतो आणि तिच्या घरात जातो. तिचा नवरा. तिथून पुढं तिचे केस पानागणिक काळे होत जातात. केसांतलं मला कळतं. त्या चित्रकारानं एकेक बट मनापासून ओढलेली होती. शेवटी ती एवढीशी पोर होते, बापाच्या मांडीवर बसून वल्ह्याला नुसता हात लावते, आणि मग नुसता काठ राहतो, लव्हाळं आणि पाणी.

मला त्यात कुठंही अडलं नाही. काही जागी माणसं मागं चालल्यासारखी वाटली, पण तिकडची चित्रं काढायची रीत असेल म्हणून सोडून दिलं. फुग्यांत शब्द फार थोडे होते, ते मी तसेच राहू दिले. पुस्तक परत पहिल्यापासून घेतलं. किती वेळा, ते मोजलं नाही. दुपारचं जेवण तसंच झाकून राहायचं, एवढं मुक्ताच्या लक्षात आलेलं होतं.

एका दुपारी रेवा लवकर आली आणि पुस्तक माझ्या मांडीवर. मला वाटलं चिडणार, कारण तिच्या वस्तूंना हात लावलेला तिला खपत नाही. तिनं दप्तर टाकलं आणि विचारलं, 'गुट?' चांगलं आहे का, एवढं जर्मन मला कळायचं.

'एक नंबर,' मी म्हटलं.

ती माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. तेव्हापासून रोज. चहाच्या वेळेला पुस्तक टेबलावर यायचं, ती मधूनच कुठलंतरी पान उघडायची आणि बोट ठेवायची. जाड्यावर बोट ठेवलं की ती गाल फुगवायची, मीही फुगवायचो. बदकांवर दोघं हसायचो. ती कशाला हसतेय आणि मी कशाला, हे वेगळं होतं, पण ते नंतर कळलं. आम्ही दोघं एकच पान बघत होतो. ती त्या पानावर कुठून आली आणि मी कुठून, हा प्रश्न कधी निघालाच नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणं पुष्कळ घरं अशीच नीट चालतात.

मग कळलं की त्या पुस्तकावर सिनेमा निघालाय. रेवानं आईला सांगितलं, तिकिटं काढायची तर आबाचंही काढ. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी येणार होत्या. त्यांना तिनं आधीच सांगून ठेवलेलं होतं की माझा आबा पण फॅन आहे. मुक्तानं हे मला सांगितलं, म्हणून शनिवारी दाढी दोनदा केली आणि संदीपचा कोट घातला.

थिएटरात जमिनीवर गालिचा आणि माणसं देवळात बसल्यासारखी गप्प. दिवे गेले. पडदा आधी नुसता पांढरा. मग त्यावर एक काळी रेघ आपोआप ओढली गेली, रेघेचा काठ झाला, काठावर लव्हाळं उगवलं. मी ताठ बसलो. माणसं खरी होती, नट होते, पण त्यांच्यामागचं सगळं शाईनं काढलेलं. पाणी म्हणजे आडव्या रेघा, वारा म्हणजे तिरप्या. आणि माणूस हलला की त्याच्या कडेची काळी रेघसुद्धा त्याच्याबरोबर हलायची. असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

पण लव्हाळ्यातून ती पोर आली, बापाबरोबर. माझ्या मनात आलं, हे काय, शेवट आधी? बाप पोरीला वल्हं धरायला शिकवतो. पोर मोठी होते. अलीकडची माणसं ती पलीकडं सोडते. जाड्याचा पिंजरा उघडतो आणि बदकं उडून जातात, आणि रेवा नि तिच्या मैत्रिणी खिदळतात. तेव्हा माझी खात्री झाली.

आमच्याकडं जत्रेत तंबूत सिनेमा यायचा. ऑपरेटर घाईत किंवा डुलकीत असला की रिळांचा क्रम चुकायचा. मेलेला सासरा लग्नात हजर. अशा वेळी पब्लिकमधल्या कोणीतरी उठून ओरडायचं असतं. ते कर्तव्य असतं. पहिला ओरडतो त्याला लोक मानतात, मग शिट्ट्या, मग तंबूच्या मागून 'थांबा की रं!' आणि रीळ बदलतं. मी त्या तंबूत कित्येकदा पहिला ओरडलेलो आहे.

मी उभा राहिलो. मागं वळून, त्या उजेड येतो त्या भोकाकडं बघून ओरडलो, 'अहो ऑपरेटर! रिळं उलटी लागलीत!'

सगळं थिएटर वळलं. मुक्तानं कोट ओढला. 'अहो बाबा, बसा ना. प्लीज.'

'अगं, शेवटचं रीळ आधी लावलंय त्यानं! सांग की त्याला जर्मनमध्ये!'

'बाबा, इथं रिळं नसतात हो आता. बसा.'

पुढून कोणीतरी श्श् केलं. मी बसलो. रेवा माझ्याकडं वळली नाही. ती सरळ पडद्याकडं बघत होती आणि पडद्याच्या उजेडात तिचा कान लालभडक दिसत होता. मी सिनेमा शेवटपर्यंत बघितला. शेवटी नाव, शेवटी शाल, शेवटी बर्फ. तो पडत राहिला, पडत राहिला, आणि रेघ पुसली गेली. इथले लोक सिनेमा संपल्यावरही नावं संपेपर्यंत उठत नाहीत. तो वेळ फार लांब गेला.

परतीच्या गाडीत मैत्रिणींपैकी एकीनं उभं राहून हात उंचावून माझी नक्कल केली. चांगली केली होती. दुसरी हसली. रेवा दाराजवळ जाऊन उभी राहिली ती आमचं स्टेशन येईपर्यंत.

घरी संदीप भाजी चिरत होता. 'कसा होता?' त्यानं विचारलं. रेवा खोलीत गेली, पुस्तक घेऊन आली आणि त्या लाल पंजाचं पान उघडून बापापुढं आपटलं. वाच, म्हणाली.

संदीपनं मराठी करून वाचलं. 'थांबा. हे पुस्तकाचं शेवटचं पान आहे. हे पुस्तक जपानी पद्धतीनं उजवीकडून डावीकडं वाचायचं असतं.' त्यानं सुरी खाली ठेवली. 'बाबा! तुम्ही इतके दिवस उलटं वाचलंत?'

'मी सरळ वाचलंय. डावीकडून. चौथीपर्यंत तेच शिकवलं.'

'पण ते जपानी आहे ना.'

'काढलं जपानात, छापलं जर्मनीत, वाचणारा विट्याचा. मग कायदा जपानचाच का?'

'आल्झो, म्हणजे तसा यात पॉइंट आहे बाबांचा,' मुक्ता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

मला जोर आला. 'तुमच्या इथल्या सरकारनं मध्यंतरी घड्याळ एक तास मागं घेतलं. अख्खा देश मुकाट मागं गेला. कोणी रस्त्यावर नाही आलं. आणि मी एक पुस्तक मागून वाचलं तर पंजा दाखवता होय?'

संदीप खो खो हसला. रेवा हसली नाही. ती जर्मनमध्ये भराभर काहीतरी बोलली आणि संदीपचं हसू थांबलं.

'काय म्हणाली?'

'काही नाही, बाबा.'

'मुक्ता, तू सांग.'

मुक्तानं ओट्याकडं बघत सांगितलं. 'ती म्हणते, मी सगळ्यांना सांगितलं होतं की आबांना हे पुस्तक माझ्याइतकंच आवडतं. आणि आबांनी ते कधी वाचलेलंच नव्हतं.'

मग रेवा माझ्याकडं वळली आणि मराठीत बोलली. एकेक शब्द शोधून. 'ती मरते, आबा. शेवटी मरते. तेच आहे पुस्तक.'

आणि आत गेली. दार लागलं.

माझं परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्यात फारसा अर्थ नसतो, हे मला श्रावणात नीट समजलेलं होतं. रेवानं त्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद केलं ते जेवणाच्या टेबलावरही. संदीप म्हणाला, 'बाबा, सॉरी म्हणून टाका, पोर आहे.' मी म्हटलं, 'कशाबद्दल?' चूक असती तर म्हटलं असतं.

आता माझं मत. इतकी वर्षं ते मी मनात घोळवलंय, म्हणजे रागाच्या भरातलं नाही.

सिनेमा चांगला आहे. फार चांगला आहे. माझ्या बाकड्यावर असता तर गिऱ्हाइकांनी दुपार घालवली असती. रेघेचं काम तर असं की त्या लोकांचे हात बघावेसे वाटतात. नवरा शिपायाचा कोट घालून पलीकडं उतरतो तेव्हा कॅमेरा त्याच्यामागं जात नाही, नावेतल्या रिकाम्या फळीवर थांबतो. फळी ओली आहे, बसलेल्या जागी तेवढी कोरडी. हे पुस्तकात नाही. हे सिनेमावाल्यानं स्वतःच्या पदरचं घातलं आणि तिथं मी मनातल्या मनात त्याला सलाम केला. ती बाई रडत नाही, हेही बरोबर. वल्हं मारणाऱ्याला दोन्ही हात लागतात.

खोड काढायची तर केसांची. जन्मभर नदीवरचा वारा खाल्लेल्या बाईचे केस तसे बसत नाहीत. कानामागं मोडतात, टोकाला फाटतात, भांग रुंद होतो. सिनेमात म्हातारपणी तिला टोप घातलाय आणि टोप शेवटपर्यंत टोपच राहतो. आणि वाद्यं फार. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मी आता इथं राहून सांगू शकतो.

पण खरा मुद्दा तो नाही. सिनेमा एकाच बाजूनं चालतो. खुर्चीत बसलेल्याच्या हातात काही नसतं. तो निघाला की बर्फापर्यंत जाणारच, आपण ओरडा नाहीतर गप्प बसा. पुस्तक हातात असतं. रेवा म्हणते तेच पुस्तक आहे, हे मला पटतं. तिच्या बाजूनं ते बरोबरच आहे, ती तेरा वर्षांची होती. पण माझ्या पुस्तकात ती बाई पहिल्याच पानावर गेलेली असते. म्हणून तर मला पुढचं पान उलटता आलं. तिच्या पुस्तकाला मी हात लावू शकलो नसतो त्या साली. सिनेमावाल्यांनी एवढी रेघ न् रेघ जपली, आणि माणूस हे कुठल्या बाजूनं उघडेल याचा विचार केला नाही, असं माझं म्हणणं आहे. संदीप म्हणतो, बाबा, तो विचार कोणीच करू शकत नाही. मग नाही केला असं तरी म्हणू द्या.

मुक्तानं हे ऐकून एकदा विचारलं होतं, 'बाबा, आईंची आठवण यायची का हो तेव्हा, ते बघताना?' मी म्हटलं, 'पुस्तकाचं चाललंय.' ती शहाणी आहे. पुन्हा विचारलं नाही.

त्या शनिवारी मात्र मला झोपेपर्यंत एकच दिसत होतं. माझं मत पक्कं होतं आणि पोरीचं दार बंद होतं. मत घेऊन विट्याला गेलो असतो तर ते तिथं कोणाला सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे झोपलेले. मी पुस्तक घेतलं आणि रेवाच्या दारावर टकटक केली. तिनं उघडलं, केस विस्कटलेले, कपाळाला आठी. मी पुस्तक तिच्यापुढं धरलं, उजवीकडची बाजू वर करून.

'वाच,' मी म्हटलं. 'तुझ्या बाजूनं. फुग्यातलंसुद्धा.'

'मराठीत?' तिनं विचारलं. 'मला नाही येत.'

'येईल तेवढं.'

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं लव्हाळ्यापासून सुरू केलं. बापाला 'बाबा' म्हणाली, वल्ह्याला मराठी शब्द सापडेना तेव्हा हात हलवून दाखवलं, तो मी पुरवला. जाड्यापाशी तिनं गाल फुगवले नाहीत. मी फुगवले. मग तिनंही. नवरा पलीकडं उतरला तेव्हा ती म्हणाली, 'आता तो परत नाही येत.' मी हूं म्हटलं. केस पांढरे होत गेले. पहिला बर्फ पडला तिथं ती थांबली. उरलेली थोडी पानं तिनं अंगठ्याखाली दाबून धरली आणि माझ्याकडं बघितलं.

'आबा, पुढे?'

'पुढं,' मी म्हटलं. 'वाच.'

वाचायला तिथं काही नव्हतं, फुगे संपलेले होते. ती नुसती पानं उलटत गेली, सावकाश. शाल. बर्फ. नाव. ते पान मी सगळ्यांत जास्त वेळा बघितलेलं होतं, पण शेवटचं पान म्हणून कधी बघितलं नव्हतं. मी ते बघितलं. तिनं पुस्तक मिटायची घाई केली नाही, मीही केली नाही. मग मी उठलो आणि दोघांचा चहा ठेवला.